गारोळे सरांचा कान

आमचे गारोळे सर पेशंटकडे पाठ करून बसत. नाक-कान-घशाचा डॉक्टर, आणि घसा बघायच्या आधी तोंड भिंतीकडे! नवीन माणूस आत आला, टेकला, की सर आपली फिरती खुर्ची वळवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, बोला." काय बोला, कुठून सुरू करा, काही नाही. खिडकीतून आलेली निंबाची सावली भिंतीवर हलत असायची, पंखा किरकिरत असायचा, आणि सर त्या सावलीत बुडून गेल्यासारखे ऐकत राहायचे. चिखलीतल्या त्या लहानशा दवाखान्यात मी एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली ऑपरेशनची सिस्टर होते. एवढ्या वर्षांत हा नेम त्यांनी एकदाच मोडला. ते पुढे सांगते.

लोक चिडायचे, हो! का नाही चिडणार? एकदा एका गावचे सरपंच आले. पांढरे कडक कपडे, मागे चार माणसं. सरांनी सवयीने पाठ केली. सरपंचांचं डोकंच फिरलं. "आमी काय उधारीवर आलो काय? तोंड पाहाले तयार नाही हा माणूस! डॉक्टर आहे का कोण आहे?" असं चांगलं पाच मिनिटं चाललं. मी दारात उभी, काय करावं सुचेना. सर मात्र डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून ऐकताहेत. सरपंचांचा दम संपला तसे सर वळले आणि म्हणाले, "झालं. गळ्यात दोन बारीक गाठी आहेत, समोरासमोर. ओरडून ओरडून झाल्या. इलेक्शन कधी झालं तुमचं?" मागची चार माणसं फस्सकन हसली. सरपंच स्वतःही हसले. मग महिनाभर गप्प राहून खडखडीत बरे झाले आणि दर संक्रांतीला तीळगूळ पाठवू लागले.

"चेहऱ्याला सवय असते शोभाताई, लपवायची," सर म्हणायचे. "आवाजाला नसते." आवाजावरून ते गाव ओळखायचे. सोनाळ्याकडचा माणूस बोलला की म्हणायचे, हा डोंगराच्या पायथ्याचा, याला लांब हाक मारायची सवय आहे. सिंदखेडराजाकडचा आला की म्हणायचे, याच्या बोलण्यात अर्धा जालना आहे. दहातले सात बरोबर निघायचे आणि तीन चुकले की म्हणायचे, याची आई दुसऱ्या गावची असेल. आणि मेलं, तेही बऱ्याचदा खरं निघायचं.

सर सुलतानपूरचे, सुताराचे. वडिलांनी उभी हयात बैलगाड्या आणि दारं-चौकटी करण्यात घालवली. त्यामुळे सरांना गळा म्हणजे एक लहानसं घरच वाटायचं. पेशंटला समजावताना ते दोन्ही हातांची बोटं जोडून दाखवायचे. आपल्या नाकाच्या शेंड्याला, कानाच्या पाळीला जे नरम हाड असतं ना, त्याला कूर्चा म्हणतात. कंठमण्याच्या भिंती त्याच्याच. आत दाराच्या दोन फळ्या. श्वास घेताना उघडतात, बोलताना लागतात. भिंत खचली की चौकट वाकडी, चौकट वाकडी की दार लागत नाही, आणि दार लागलं नाही की आवाजाच्या जागी नुसता वारा. "बस, एवढंच आहे माझं शास्त्र," म्हणायचे. एवढंच कुठलं! मार बसून चेपलेला, फुटलेला कंठ परत उभा करणारा माणूस त्या वेळी आमच्या बाजूला दुसरा नव्हता. बाकीचे सरळ मोठ्या शहरात पाठवायचे, आणि तिथवर पोचेपर्यंत श्वास टिकला तर टिकला.

हात कसा बसला त्याचीही गंमत आहे. सर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. आणि दर रविवारी सकाळी हे स्कूटरवर खाटकाच्या दुकानापुढे! रहीमभाई त्यांच्यासाठी बकऱ्यांचे गळे बाजूला ठेवायचा. काळ्या पिशवीत घालून सर ते घेऊन यायचे आणि दवाखान्याच्या मागच्या टिनाच्या खोलीत बसायचे. आधी लहान हातोडीने तो कंठ फोडायचा, मग दुपारभर तो जोडत बसायचं. तारेने जोडून बघ, दोऱ्याने शिवून बघ, बारक्या पट्ट्या स्क्रूने बसवून बघ. टिनावर चिमण्यांचे पाय वाजायचे, बाहेर सगळं गाव झोपलेलं, आणि हा माणूस मेलेल्या बकऱ्याचा आवाज दुरुस्त करतोय. आता सांगताना मलाच ते स्वप्नात बघितल्यासारखं वाटतं.

काळी पिशवी कुणाच्या नजरेतून सुटते का? सुलतानपुरात सरांच्या आईच्या कानावर गेलं, तुमचा नारायण बाटला. म्हातारी तडक एसटीने आली. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर, डोळ्यांत अंगार. "दाखव पिशवी," म्हणाली. सरांनी मुकाट्याने त्या दुपारचा शिवलेला गळा पुढे ठेवला. तिने तो बराच वेळ पाहिला. टाके बोटाने मोजल्यासारखं केलं.

"याच्यात आता जीव येते का?"

"नाही, आई."

"मंग काऊन शिवून राह्यला?"

"माणसाचा शिवायच्या आधी हात बसावा म्हणून."

सुताराची बायको ती, लाकूड वाया घालवल्याशिवाय हात बसत नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. "मंग आंघोळ करत जाय घरात शिरायच्या आधी," एवढं म्हणाली आणि पुढच्या एसटीने परत गेली. सर तेव्हापासून रविवारी मागच्या नळावर आंघोळ करूनच घरी जायचे, थंडी असो की काही असो.

आमच्या दवाखान्यात अजून एक रीत होती, मुक्या दिवसाची. आवाजाचं ऑपरेशन झालं की दुसरा दिवस पेशंटने अवाक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने तर गळ्यावर जास्तच ताण येतो. पण सर म्हणायचे, सगळं जग बोलत असताना एकट्याने गप्प बसणं ही शिक्षा आहे, आपण काय गुन्हा केला म्हणून त्याला शिक्षा द्यायची? म्हणून त्या दिवशी वॉर्डात कुणीच बोलायचं नाही. मी नाही, वॉर्डबॉय नाही, सर स्वतःही नाही. हाताने, डोळ्याने, पाटीवर लिहून. चहावाला दत्ता दारात येऊन तीन बोटं दाखवायचा, आम्ही चार दाखवायचो. पहिल्या तासात हसू यायचं, दुसऱ्या तासात कंटाळा, आणि दुपार झाली की काहीतरी वेगळंच व्हायचं. पडद्यांची फडफड, सलाईनचे थेंब, रस्त्यावरून गेलेल्या ट्रॅक्टरचा आवाज कितीतरी वेळ कानात राहायचा. पेशंटचे नातेवाईकसुद्धा एकमेकांकडे बघून उगीच हसायचे. आज मी घरी असते, दुपारी आडवी झाले की मला त्या मुक्या दुपारीच आठवतात. सर खिडकीशी उभे, हात मागे बांधलेले, काहीच न करता.

तर आता वंदना मॅडमचं सांगते, कारण सरांचं सगळं तिथे येऊन थांबलं.

वंदना मॅडम साखरखेर्ड्याच्या सूनबाई. जवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. घरी नवरा गजानन आणि सासू गिरजाबाई. त्यांच्या हरभऱ्यात रोही शिरायचे. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे एका फेरीत अर्धं वावर झोपवते. म्हणून गिरजाबाई रोज संध्याकाळी वावरातल्या वाटेवर दोन खुंटांच्या मधात तार ताणायच्या आणि सकाळी तांबडं फुटलं की स्वतः जाऊन सोडायच्या. हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी सकाळी सासू-सुनेचं वाजलं. वाजलं ते कशावरून, तर ठेचा खलबत्त्यात न कुटता मिक्सरमधून काढला म्हणून. गिरजाबाई रुसून ओसरीत बसून राहिल्या, वावरात गेल्याच नाहीत. मॅडमना उशीर झालेला, त्यांनी स्कूटी वावरातल्या जवळच्या वाटेने घातली. तार बरोबर गळ्यावर बसली.

सकाळी दहाला शेजाऱ्याच्या जीपमधून आणलं. आडवं होता येत नव्हतं, पुढे वाकून बसलेल्या, श्वासाला शिट्टी. गळा सपाट झालेला, कंठमण्याचा उंचवटाच नाही. कातडीखाली हवा शिरलेली, बोट ठेवलं की कुरमुऱ्यांची पिशवी दाबल्यासारखं लागायचं. बोलायचा प्रश्नच नव्हता. सरांनी नेम मोडला तो त्या दिवशी. समोर बसले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि सरळ डोळ्यांत पाहून म्हणाले, "घाबरू नका बाई. तुम्ही फक्त माझ्याकडे पाहत राहा."

भुलीचे डॉक्टर तोंडातून नळी घालू म्हणत होते. सर म्हणाले, "नाही. वरून ढकलाल तर तुटलेली भिंत अजून आत पडेल." त्यांनी नुसती जागा बधिर करून गळ्याच्या खाली छिद्र पाडलं, तिथून श्वासाची नळी बसवली. शिट्टी थांबली. मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि माझ्याही. दुसऱ्या दिवशी स्कॅन बघून सरांनी कंठ मधोमध उघडला. आतलं अस्तर फाटलेलं, ते केसाएवढ्या दोऱ्याने शिवलं. भिंतीचे तीन तुकडे झालेले, ते जागेवर आणून बारीक पट्ट्या आणि मुंगीएवढे स्क्रू लावले. हातमोज्याचं एक बोट कापून त्यात स्पंज भरला आणि आतून आधाराला ठेवला. तो दोन आठवड्यांनी काढला. मग नळीही निघाली. श्वास मोकळा झाला, जेवण जाऊ लागलं. सगळे म्हणाले, जिंकलो.

आवाज मात्र आला नाही. नुसता वारा. दाराची डावी फळी हलतच नव्हती. "नस दुखावली आहे," सर म्हणाले, "वाट पाहू. कधीकधी वर्ष लागतं." मॅडमनी वर्ष काढलं. शाळेत उभं राहून पाठीमागच्या पोरापर्यंत पोचणार काय? वरिष्ठांनी तालुक्याला कागद लिहायच्या कामाला बसवलं. दर महिन्याला तपासणीला यायच्या तेव्हा एकच सांगायच्या, कधी लिहून, कधी त्या वाऱ्यासारख्या आवाजात, "मले माही पोरं पाहिजेत, सर." आणि वरिष्ठांनी असंही सांगून टाकलेलं, की आवाज आला नाही तर पुढच्या सत्रापासून वर्ग कायमचा दुसऱ्या शिक्षकाकडे.

एकदा अशीच तपासणी चाललेली असताना गिरजाबाई बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसल्या. मी उगीच विचारलं, घरी कसं आहे? म्हणाल्या, "घरात कोनी बोलतच नाही बाई. थे एक शब्द नाही बोलली तारेचा. अजून नाही. म्या देवापाशी शप्पथ घेतली, आता सुनेसंगं जलमात भांडणार नाही. भांडली नसती तं वावरात गेली असती, तार सोडली असती." मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "पण बाई, न भांडता बोलाव काय, हेच मले समजत नाही." मी हसले नाही. हसण्यासारखं होतं, पण हसले नाही.

वर्षाने सर म्हणाले, फळी आपोआप हलणार नाही, आता पाचर मारायची. कंठाच्या भिंतीला बाहेरून एक लहान खिडकी पाडायची, तिथून सिलिकॉनची पाचर सरकवून ती पडलेली फळी मधोमध ढकलायची, म्हणजे दुसरी येऊन तिला भिडते. आणि हे पेशंटला भूल न देता, नुसतं बधिर करून करायचं, कारण पाचर किती जाड हवी हे त्याच्या आवाजावरूनच ठरतं. कमी झाली तर वारा, जास्त झाली तर घुसमट. टेबलावर पेशंट बोलतो, सर ऐकतात, पाचर तासतात, पुन्हा घालतात. इतर ठिकाणी एक-दोन-तीन म्हणायला लावतात म्हणे. आमच्या सरांचं तसं नव्हतं. "रोज जे बोलता तेच बोला," म्हणायचे. एका मावशीने टेबलावर म्हशीला हाका मारल्या होत्या, एका मास्तरने पाढे म्हटले होते.

पण इथे एक अडचण होती आणि ती फक्त मला माहीत होती. गेले काही महिने मॉनिटरची बारीक घंटी वाजली की सरांच्या आधी मीच वळत होते. एका सोमवारी फायली लावताना कान तपासायच्या खोलीत एक तक्ता सापडला. आडवी रेघ निम्म्यापर्यंत सरळ आणि मग धाडकन खाली गेलेली. म्हणजे बारीक, चढे आवाज पकडणं संपलेलं. नावाच्या जागी सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, स्वतः. माणूस रविवारी एकटा येऊन, स्वतःच यंत्र लावून, स्वतःच बटण दाबून बसला असेल. मी तो कागद सरांच्या समोर टेबलावर ठेवला. सरांनी तो घडी करून खिशात घातला.

"मी मॅडमना दुसरीकडे पाठवतो," सर शेवटी म्हणाले. पाठवायला तयारही झाले, चिठ्ठी लिहिली. मॅडमनी ती वाचली आणि मान हलवली. "इथंच," म्हणाल्या. सरांनी मग त्यांना आणि गिरजाबाईंना समोर बसवून सगळं खरं सांगितलं. डॉक्टर माणूस आपली कमतरता पेशंटसमोर अशी मांडतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांचा राग आला, आणि फार फार अभिमान वाटला. सर गिरजाबाईंना म्हणाले, "माझा हात आहे अजून. कान नाही. तिचा आवाज कसा होता हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

गिरजाबाई घाबरल्या. "मी काय सांगू जी? मी आंगठेवाली बाई."

"तुम्ही फक्त आत येऊन उभ्या राहा."

अशी ती म्हातारी आमच्या ऑपरेशनच्या खोलीत आली. हिरवा गाऊन, हिरवी टोपी, तोंडावर फडकं. नऊवारीचा काठ खालून डोकावतोय. उन्हं कलती होती, खिडकीच्या दुधी काचेतून सगळीकडे एक धूसर उजेड. मॅडमच्या डोळ्यांवर हिरवी चादर, गळा तेवढा उघडा. सरांनी खिडकी पाडली, पहिली पाचर सरकवली. "बोला बाई."

मॅडमनी शाळेची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. आवाज आला! वर्षभराने आवाज आला, मी तर चमकलेच. सरांनी गिरजाबाईंकडे पाहिलं. त्या गोंधळल्या. "असन जी. शाळेतला असन हा. मी कवा गेली तिच्या शाळेत?"

सरांनी पाचर काढली, जरा जाड घातली. पुन्हा प्रार्थना. गिरजाबाई पुन्हा, "मले नाही सांगता येत. माह्यासंगं थे अशी बोलत नव्हती."

"मग तुमच्याशी बोलू द्या तिला," सर म्हणाले. "घरी काय बोलायच्या तुम्ही?"

"भांडत होतो जी."

"मग भांडा."

भुलीचे डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. गिरजाबाईंचे हात गाऊनमध्ये एकमेकांत गुंतले होते. "म्या शप्पथ घेतली आहे," त्या पुटपुटल्या. सर म्हणाले, "शपथ माझ्या डोक्यावर टाका. वेळ नाही गिरजाबाई, तिची जागा फार वेळ बधिर राहत नाही."

मग म्हातारी फडक्याआडून, अगदी घरातला आवाज काढून म्हणाली, "काय वं वंदना, ठेचा मिक्सरमधून काऊन काढला? मिक्सरमधला ठेचा म्हंजे नुसता चिखल!"

चादरीखालून बारीक, "उशीर झाला होता, आत्याबाई."

गिरजाबाईंनी मान हलवली, नाही. सरांनी पाचर काढली, पात्याने तिचं एक टोक तासलं, पुन्हा घातली. त्यांचे हात मी आयुष्यात इतके हळू चाललेले पाहिले नव्हते.

"उशीर त तुले रोजच होते," गिरजाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता, रडूही चढलं होतं. "पाच मिनिटं आंधी उठाले काय होते? मी त उठत होती ना तांबडं फुटाले!"

"मंग त्या दिवशी काऊन नाही उठल्या?" चादरीखालून आलं, खणखणीत, धारेचं, शेवटच्या शब्दावर वर जाणारं. "तार काऊन नाही सोडली तुमी? एवढा राग होता माह्यावर?"

वर्षभर त्या घरात जे कुणी बोललं नव्हतं ते बोलून झालं. मी सरांकडे पाहिलं. ते गळ्याकडे बघतच नव्हते, ते गिरजाबाईंच्या डोळ्यांकडे बघत होते. त्या डोळ्यांतून पाणी वाहून फडकं ओलं झालेलं.

"हाव," गिरजाबाई म्हणाल्या. "हाच. हाच हाय जी तिचा आवाज." मग चादरीकडे वाकून, "होता वं राग. चुकलं माहं. चुकलं वं माय."

"शोभाताई, दोरा," सर म्हणाले. त्यांनी पाचर पक्की केली, खिडकी बंद केली, टाके घातले. बाहेर येऊन हात धुताना ते नळ सुरू ठेवूनच कितीतरी वेळ उभे राहिले. त्यानंतर त्यांनी ऑपरेशन केलं नाही. पेशंट तपासायचे, सल्ला द्यायचे, पण पात्याला हात लावला नाही. मॅडम जूनमध्ये परत वर्गावर गेल्या.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्या हिवाळ्यात, गिरजाबाईंच्या वावरात. हुरड्याला बोलावलं होतं. सरांना तोवर बरंच ऐकू येईनासं झालं होतं. यंत्र होतं, पण ते खिशात. म्हणायचे, त्यात सगळं एका पातळीवर ओरडतं. जमिनीतल्या आगटीतून धूर निघत होता, दुपारचं ऊन त्या धुरात विरघळून पिवळसर झालेलं, लांबवर वावरं झोपल्यासारखी पडलेली. सर खुर्चीवर बसले होते, ओंजळीत गरम हुरडा. पलीकडे सासू-सुनेचं सुरू झालं. कशावरून, तर सरांची खुर्ची उन्हात ठेवायची की सावलीत. गिरजाबाई म्हणत, म्हाताऱ्या माणसाला ऊन पाहिजे. मॅडम म्हणत, डोकं तापेल त्यांचं. आवाज असे चढले की शेजारच्या वावरातले कापूस वेचायचे थांबून बघायला लागले.

सरांनी माझ्याकडे कान न करता, तोंडाकडे बघून विचारलं, "भांडताहेत का?"

"हो सर."

"मॅडमचा पोचतो का, त्या बांधापर्यंत?"

"त्याच्याही पलीकडे पोचतो, सर."

गजानन ओशाळून उठला, आई आणि बायकोला गप्प करायला निघाला. सरांनी चटकन त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं. "बसा," म्हणाले. "चालू द्या." आणि त्या दोघींच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं, हे मला माहीत होतं. ओंजळीतला हुरडा निवून गेला तरी त्यांनी गजाननचं मनगट सोडलं नव्हतं.